कारिवण्याचा अर्क रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ रोखतो की पेशी मारतो? प्रयोगशाळेत नीट तपासण्याची पद्धत

एमटीटी या चाचणीत जिवंत पेशी जांभळा रंग तयार करतात. प्लेटवर तो रंग फिका पडला की ‘अर्काने रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ रोखली’ असं वाक्य प्रबंधात जातं. त्या फिक्या रंगामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पेशींची वाढ मंदावली, वाढ पूर्ण थांबली, पेशी मेल्या, किंवा पेशींना काहीच झालं नाही आणि अर्कानेच रंगाच्या क्रियेत ढवळाढवळ केली. पहिल्या दोन शक्यतांत औषधाचा धागा सापडू शकतो. तिसरीत बहुतेक वेळा नुसतं विष असतं. चौथीत हाती काहीच नसतं. हा लेख एमएस्सी, एमफार्म किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि सगळा भर या चार शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा काढायच्या यावर आहे.

शल्यविशारद जुदा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की कर्करोगाची गाठ वाढायला तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या अडवल्या तर गाठ अडेल. १९७३ मध्ये नाळेच्या शिरेतून एंडोथेलियल पेशी, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी, काढून वाढवण्याची भरवशाची पद्धत प्रसिद्ध झाली. याच त्या हुवेक पेशी. तेव्हापासून वनस्पतींचे असंख्य अर्क या पेशींवर टाकून पाहिले गेले.

उदाहरणाला कारिवणा घेऊ. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, संस्कृतात मंडूकपर्णी, गोव्यात एकपानी. हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे, कारण ही एकच वनस्पती दोन्ही दिशांना ओढते. तिच्यातलं एशियाटिकोसाइड जखम भरताना रक्तवाहिन्या वाढायला मदत करतं असे निष्कर्ष प्रसिद्ध आहेत. त्याच रेणूवरच्या तीन साखरा, दोन ग्लुकोज आणि एक ऱ्हॅम्नोज, काढून टाकल्या की एशियाटिक आम्ल उरतं, आणि ते व्हीईजीएफने, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाने, चालवलेली वाढ रोखतं असेही निष्कर्ष आहेत. म्हणजे अर्क कसा काढला यावर उत्तराची दिशा बदलू शकते.

वनस्पती नक्की तीच आहे का

महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ हे नाव दोन वनस्पतींना लागतं आणि इथेच पहिली चूक होते. बाजारात ‘ब्राह्मी’ मागितलीत तर कारिवणा मिळेल किंवा बाकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. ताजी वनस्पती हातात असेल तर फरक सोपा आहे. कारिवण्याचं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते असलेलं, लांब देठावर उभं असतं. जमिनीवर सरपटणाऱ्या धावत्या खोडाच्या प्रत्येक पेरापाशी मुळं फुटलेली दिसतात. जलब्राह्मीची पानं लहान, मांसल, जवळजवळ बिनदेठाची आणि समोरासमोर असतात. दोन्हींची रसायनं वेगळी आहेत. वाळलेल्या चूर्णात हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चूर्ण विकत घेऊ नका.

मुळासकट, शक्यतो फुलोऱ्यासह, दोन-तीन झाडं दाबून वाळवा, हर्बेरियम पत्रक करा आणि ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था इथे हे काम होतं. गोळा केल्याची तारीख, गाव, जागा आणि वनस्पतीचा भाग लिहून ठेवा. कारिवणा ओलसर बांधावर वाढतो तसाच गटाराच्या कडेलाही वाढतो, आणि मातीतले जड धातू उचलतो. कॅडमियम मिसळलेला अर्क एंडोथेलियल पेशी हमखास मारेल आणि श्रेय मात्र वनस्पतीला मिळेल. रस्त्याच्या, कारखान्याच्या किंवा सांडपाण्याच्या कडेचा माल नको.

वाळवणं आणि अर्क काढणं

पानं नळाखाली आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. पातळ थर पसरून सावलीत वाळवा किंवा ४० °से. च्या ओव्हनमध्ये ठेवा. पान चुरल्यावर कुरकुरीत आवाज आला पाहिजे. नुसतं वाकत असेल तर ओल आहे. १०५ °से. वर वजनातली घट मोजा, ती १० टक्क्यांच्या आत हवी. ओलसर चूर्णाला बुरशी लागते, आणि बुरशीची विषं द्रावकातून थेट अर्कात उतरतात. मिक्सर थांबवत थांबवत चालवा, भांडं तापू देऊ नका. चूर्ण ४० क्रमांकाच्या चाळणीतून काढा.

द्रावक म्हणून ७० टक्के इथेनॉल ठीक, त्यात एशियाटिकोसाइड आणि एशियाटिक आम्ल दोन्ही येतात. ९६ टक्के इथेनॉल ७२९ मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा. डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका, त्यात मिसळलेलं काही ना काही अर्कात राहतं. २० ग्रॅम चूर्णाला २०० मिली द्रावक, फ्लास्कला फॉइल गुंडाळून शेकरवर १२० फेऱ्यांनी २४ तास. व्हॉटमन क्र. १ मधून गाळा. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा ताजं द्रावक, असं एकूण तीनदा. तिन्ही वेळा गाळून निघालेलं द्रावण एकत्र करून रोटाव्हेपरवर ४० °से. च्या पाण्यात इथेनॉल उडवा, उरलेलं पाणी फ्रीझ ड्रायरमध्ये काढा. सॉक्सलेटमध्ये अर्क तासन्तास उकळत राहतो. नाजूक रेणूंचं त्यात नुकसान होऊ शकतं, म्हणून पेशींच्या कामासाठी थंड पद्धत बरी. आम्ल तर अजिबात घालू नका, साखरा सुटून एशियाटिकोसाइडचं एशियाटिक आम्ल होईल.

उतारा मोजा. २० ग्रॅम चूर्णातून ३.४ ग्रॅम कोरडा अर्क आला तर उतारा १७ टक्के. पुढच्या बॅचला तोच आकडा ९ किंवा २८ आला तर थांबून कारण शोधा.

प्रत्येक बॅचची रासायनिक ओळख हवी. एशियाटिकोसाइडमध्ये अतिनील प्रकाश नीट शोषणारा गट नाही, त्यामुळे २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली एचपीटीएलसी प्लेट (पदार्थ पट्ट्यांत वेगळे करणारी) पाहून ‘काहीच नाही’ म्हणू नका. प्लेट ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्यूरिक आम्लात बुडवून १०० ते १०५ °से. वर तापवा, मग पट्टे उमटतात. एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले पदार्थ स्तंभातून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, २०५ ते २१० नॅनोमीटरला वाचा. या कमी तरंगलांबीवर द्रावकातला थोडासा मळही दिसतो, म्हणून एचपीएलसी दर्जाचंच ॲसिटोनायट्राइल घ्या.

डीएमएसओतला साठा

कोरडा अर्क १०० मिलिग्रॅम प्रति मिली प्रमाणात डीएमएसओत (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवा. कारिवण्याच्या अर्कात साखर आणि क्षार बरेच असतात, सगळा विरघळेलच असं नाही. तळाला गाळ राहिला तर तो गाळून टाकून ‘१०० मिलिग्रॅम’ अशी चिठ्ठी लावू नका. गाळ धुऊन, वाळवून, वजन करून खरं प्रमाण काढा किंवा ५० मिलिग्रॅमवर या.

डीएमएसओ १८.५ °से. ला गोठतं. फ्रीजमधून काढलेला साठा घट्ट दिसला तर तो बिघडलेला नाही. मात्र अर्धवट वितळलेल्या नळीतून कधीही उचलू नका, वर आणि तळाला प्रमाण वेगळं असतं. पूर्ण वितळू द्या, व्हॉर्टेक्स करा, मग उचला. ५० मायक्रोलिटरच्या नळ्या भरून −२० °से. ला ठेवा. नळी एकदा उघडली की उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही. निर्जंतुक गाळणी लागली तर पीटीएफईची ०.२२ मायक्रोमीटरची घ्या. सेल्युलोज ॲसिटेट किंवा नायट्रेटची चकती डीएमएसओत विरघळते आणि पेशींवर प्लॅस्टिक पडतं.

आता पातळीकरण. मात्रा १, ३, १०, ३० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली घ्या. पाचही साठे आधी डीएमएसओतच करा: १, ३, १०, ३०, १०० मिलिग्रॅम प्रति मिली. मग प्रत्येकातला २ मायक्रोलिटर ९९८ मायक्रोलिटर मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणात). हे दुप्पट तीव्रतेचं द्रावण झालं. वेलमध्ये आधीच १०० मायक्रोलिटर मीडियम असेल तिथे हे १०० मायक्रोलिटर घातलं की मात्रा बरोबर येते आणि डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्काच राहतो. मोठी मात्रा देताना जास्त साठा आणि छोटीसाठी कमी साठा असं केलं तर डीएमएसओही मात्रेबरोबर वाढतं, आणि आलेखावरचा सुंदर उतार डीएमएसओचा असतो.

मीडियम ३७ °से. ला गरम असू द्या. अर्क घातल्यावर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चमकणारे कण किंवा सुया दिसल्या तर अर्क बाहेर पडला आहे. ती मात्रा सोडा. मीडियमचा गुलाबी रंग पिवळसर झाला तर पीएच उतरला आहे, मोजून घ्या.

अर्काबरोबर नकळत येणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, एंडोटॉक्सिन. ओल्या जमिनीवरच्या पानांवर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू असतातच. त्यांच्या भिंतीतलं एलपीएस, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन, ०.२२ च्या गाळणीतून आरपार जातं आणि एंडोथेलियल पेशी त्याला फार संवेदनशील असतात. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा. वनस्पतींतले काही बीटा-ग्लुकान या चाचणीला फसवून खोटा होकार देतात, त्यामुळे ग्लुकान अडवणारा बफर असलेला संच घ्या. शिवाय एका गटात अर्कासोबत एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली द्या. परिणाम नाहीसा झाला तर तो वनस्पतीचा नव्हताच.

दुसरी, हायड्रोजन पेरॉक्साइड. चहातल्या कॅटेचिनसारखे पॉलिफेनॉल नुसत्या मीडियममध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करून पेरॉक्साइड तयार करतात, पेशी नसल्या तरी. मग पेशी पेरॉक्साइडने मरतात. पडताळणी सोपी आहे: एका गटात पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे विकर १०० ते २०० युनिट प्रति मिली घाला. पेशी वाचल्या तर कारण कळलं. हिरडा, बेहडा, आवळा, डाळिंबाची साल असे तुरट अर्क तपासणाऱ्यांनी ही पायरी कधीच सोडू नये.

पेशी कुठल्या आणि कशा

हुवेक पेशी विकत मिळतात. नाळ स्वतः गोळा करायची असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि आईची लेखी संमती आधी घ्या, रुग्णालयात नंतर जा. कोलॅजिनेज ०.१ टक्का, ३७ °से. ला १० ते १५ मिनिटं. त्यापुढे गेलात तर शिरेच्या भिंतीतल्या स्नायुपेशीही सुटून येतात आणि आठवड्याभरात त्याच पेशी तबकडी व्यापतात.

कायमस्वरूपी पेशीरेषा स्वस्त पडते म्हणून मोह होतो. ईए.एचवाय९२६ ही हुवेक आणि फुप्फुसाच्या कर्करोगाची ए५४९ यांचा संकर आहे, हे लक्षात ठेवून वापरा. ईसीव्ही३०४ मात्र वापरूच नका. ती अनेक वर्षं एंडोथेलियल म्हणून वापरली गेली आणि नंतर डीएनए तपासणीत मूत्राशयाच्या कर्करोगाची टी२४ निघाली. जुन्या शोधनिबंधात हे नाव दिसलं तर त्या निष्कर्षांवर काही बांधू नका.

तबकडीला ०.२ टक्के जिलेटिनचा लेप द्या. दर चौरस सेमीला २,५०० ते ५,००० पेशी पेरा. मीडियम एंडोथेलियल वाढीचं, २ टक्के सीरम आणि वाढीचे घटक असलेलं. ३७ °से., ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ७० ते ८० टक्के भरल्या की पॅसेज करा, म्हणजे पेशी सोडवून नव्या तबकडीत पेरा; ट्रिप्सिन ०.०२५ टक्के, १ ते २ मिनिटं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. या पेशी लवकर सुटतात आणि ट्रिप्सिनमध्ये लवकरच मरतात. दुसऱ्या ते सहाव्या पॅसेजच्या पेशीच प्रयोगाला घ्या. निरोगी थर फरशीत घट्ट बसवलेल्या गोट्यांसारखा दिसतो. पेशी लांबुळक्या, पसरट किंवा मोठ्या पोकळ्या असलेल्या दिसू लागल्या की ती तुकडी संपली. सीडी३१ आणि व्हॉन विलेब्रँड घटक या एंडोथेलियल पेशींच्या खुणांचं रंगकाम एकदा करून ठेवा, मायकोप्लाझ्मा या छुप्या जिवाणूसाठी पीसीआर दर महिन्याला.

वाढ मोजणं: शून्य वेळेची प्लेट

इथे सर्वाधिक वेळ द्या.

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ वेलमधलं पाणी लवकर उडतं. त्यांत फक्त पीबीएस (फॉस्फेटचं क्षारद्रावण) भरा आणि आतले ६० वापरा: दहा स्तंभ, प्रत्येकी सहा वेल. स्तंभ असे लावा: नुसतं मीडियम, पेशी अर्काविना, पेशी ०.१ टक्का डीएमएसओसह, पाच मात्रा, ज्ञात रोधक (सुनिटिनिब किंवा सुरामिन), आणि शेवटी पेशींविना सर्वांत मोठी मात्रा. शेवटचा स्तंभ बरेच जण वाया गेला म्हणून गाळतात, पण अर्काचा स्वतःचा रंग आणि स्वतःची रासायनिक क्रिया फक्त तिथेच दिसते.

दर वेलला १०० मायक्रोलिटरमध्ये ३,००० पेशी. पेशी घातल्यावर प्लेट हूडमध्येच १५ मिनिटं स्थिर ठेवा, मग इन्क्युबेटरमध्ये न्या. लगेच उचलली तर पेशी वेलच्या कडेला गोल जमतात. २४ तासांनी अर्क द्या. आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच पेशी पेरलेली दुसरी छोटी प्लेट मोजून टाका. हीच शून्य वेळेची प्लेट.

हिचं महत्त्व आकड्यांत पाहू. शून्य वेळेचं वाचन ०.३० आलं. ४८ तासांनी डीएमएसओ गटाचं ०.९०. अर्काच्या गटाचंही ०.३० आलं. शून्य वेळेची प्लेट नसेल तर ०.३० भागिले ०.९० म्हणजे ३३ टक्के, आणि ‘६७ टक्के पेशी मेल्या’ असं लिहिलं जाईल. प्रत्यक्षात जितक्या पेशींना अर्क दिला तितक्याच उरल्या. सरासरीने एकही कमी झाली नाही, फक्त वाढ थांबली. सूत्र असं: अर्काचं वाचन वजा शून्य वेळ, भागिले डीएमएसओ गट वजा शून्य वेळ. वाचन ०.६० असेल तर वाढ ५० टक्के, ०.३० असेल तर शून्य. वाचन शून्य वेळेपेक्षा खाली गेलं, समजा ०.२०, तर फरकाला शून्य वेळेच्या वाचनानेच भागा: उणे ३३ टक्के. इथे मात्र पेशी नक्की मेल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ६० पेशीरेषांच्या चाळणीत हीच पद्धत आहे. वाढ निम्मी करणारी मात्रा आणि पेशी मारणारी मात्रा यांत दहापट अंतर असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. दोन्ही एकमेकींना चिकटल्या असतील तर अर्क विषारी आहे, इतकंच म्हणा.

मोजायचं कशाने? एमटीटी पेशींचा चयापचय मोजतं, संख्या नव्हे, आणि वनस्पतींतले क्षपणकारक पदार्थ पेशींशिवायही त्याला जांभळं करतात. एमटीटीच करायचं असेल तर अर्काचं मीडियम काढून पीबीएसने एकदा हळुवार धुवा, मग ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली एमटीटी ३ ते ४ तास, डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. धुताना सैल पेशी जातात, हा त्याचा तोटा.

रंगीत किंवा तुरट अर्कांसाठी एसआरबी (सल्फोऱ्होडामिन-बी या रंगाची चाचणी) उजवं, कारण ते पेशींतलं प्रथिन मोजतं. वेलमधल्या २०० मायक्रोलिटरवर ५० मायक्रोलिटर बर्फगार ५० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) भिंतीवरून सोडा, मध्ये थेंब मारू नका, पेशी उखडतात. ४ °से. ला एक तास. पाण्याने पाच वेळा धुऊन पूर्ण वाळवा. ०.४ टक्के एसआरबी १ टक्का ॲसेटिक आम्लात, १०० मायक्रोलिटर, ३० मिनिटं. १ टक्का ॲसेटिक आम्लाने धुवा, पाण्याने नको. पाण्याने बांधलेला रंगही सुटतो. वाळल्यावर १० मिलिमोलर ट्रिस बेस २०० मायक्रोलिटर, १० मिनिटं हलवून ५४० च्या आसपास वाचा. टीसीएनंतर प्लेट ४ °से. ला काही दिवस टिकते, त्यामुळे शून्य वेळेची आणि ४८ तासांची प्लेट एकाच दिवशी एकत्र रंगवता येते. हा फार मोठा फायदा आहे.

अर्क वाढ *वाढवतो* का हे पाहायचं असेल तर वाढीच्या घटकांनी भरलेलं मीडियम चालणार नाही. त्यात पेशी आधीच पूर्ण वेगाने वाढत असतात, आणखी वेग दिसणार कुठून? वाढीचे घटक नसलेलं, १ ते २ टक्के सीरमचं मीडियम घ्या, सोबत व्हीईजीएफ १० ते २० नॅनोग्रॅम प्रति मिलीचा गट ठेवा. तिथेही वाचन वाढलं तर ईडीयू (नव्या डीएनएत शिरून विभाजन दाखवणारी खूण) किंवा प्रत्यक्ष मोजणीने खात्री करा. भुकेल्या मीडियममध्ये अर्काने नुसतं मरण थांबवलं तरी आकडा वर जातो.

ओरखडा आणि नळ्या

यापुढे फक्त बिनविषारी मात्रा. मरणाऱ्या पेशी सरकतही नाहीत आणि नळ्याही करत नाहीत, त्याला रोध म्हणत नाहीत.

ओरखड्याच्या चाचणीसाठी २४ वेलच्या प्लेटमध्ये पूर्ण भरलेल्या थरावर २०० मायक्रोलिटरच्या टिपने एका दमात रेघ मारा. दोनदा धुवा. प्लेटच्या खालून मार्करने खूण करा आणि ०, ६, १२ तासांना त्याच खुणेपाशी फोटो घ्या. २४ तासांपर्यंत बहुतेक रेघा बुजतात आणि सगळे गट सारखे दिसतात. रेघ सरकण्याने भरली की विभाजनाने, हे वेगळं करायला आधी दोन तास विभाजन थांबवणारं मायटोमायसिन-सी द्या.

नळ्यांसाठी वाढीचे घटक कमी केलेलं मॅट्रिजेल लागतं. हा उंदराच्या गाठीतून काढलेला आधारद्रव्याचा अर्क असतो आणि १० °से. च्या वर घट्ट होऊ लागतो. आदल्या रात्री बर्फावर ठेवून फ्रीजमध्ये वितळवा. टिप आणि प्लेटही फ्रीजमध्ये गार करा. उबदार टिपमध्ये जेल अडकतं आणि गुठळ्या पडतात. ९६ वेलला ५० मायक्रोलिटर, बुडबुडे न येता. ३७ °से. ला ३० मिनिटं. त्यावर १०० मायक्रोलिटरमध्ये १० ते १५ हजार पेशी, अर्कासह. चार तासांपासून पाहायला लागा. पेशी एकमेकींकडे ओढल्या जाऊन कोळ्याच्या जाळ्यासारखे चौक तयार होतात. पेशी जास्त पडल्या तर चादर होते, कमी पडल्या तर तुटक काड्या. १८ तासांनंतर जाळं आपोआप कोसळतं, तेव्हाचा फोटो अर्काविरुद्ध पुरावा नाही. इमेजजे या चित्रं मोजणाऱ्या संगणक प्रणालीत नळ्यांची एकूण लांबी, सांधे आणि चौक मोजा, मोजणाऱ्याला गट माहीत नसू द्या. शेवटी कॅल्सीन आणि प्रोपिडियम आयोडाइडने जिवंत-मेलेलं पाहा. फायब्रोब्लास्टही मॅट्रिजेलवर असं जाळं विणतात, तेव्हा ही चाचणी एकटी पुरत नाही.

अंड्यातला पडदा

कोंबडीच्या गर्भाच्या पडद्यावर खऱ्या वाहिन्या खऱ्या रक्तासह वाढतात, म्हणून ही पायरी मोलाची. अंडी हॅचरीतूनच घ्या, दुकानातली खायची अंडी सहसा फलित नसतात. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला आधी विचारा. ३७.५ °से., ६० टक्के आर्द्रता. तिसऱ्या दिवशी निमुळत्या टोकाला छोटं छिद्र पाडून सुईने २ ते ३ मिली पांढरं काढा. पडदा कवचापासून खाली बसतो. वर एक सेमीची खिडकी कापा आणि पारदर्शक चिकटपट्टीने बंद करा. यानंतर अंडी फिरवायची नाहीत.

कापताना कवचाची पूड आत पडू देऊ नका. एक कण पडला तरी तिथे दाह होतो, भोवती वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या ओढल्या जातात आणि ‘अर्काने वाढ झाली’ असं दिसतं. कापण्यापूर्वी त्या जागी चिकटपट्टी लावून तिच्यासकट कापलं तर पूड पट्टीलाच राहते. आठव्या दिवशी अर्काची चकती ठेवा: मिथाइलसेल्युलोजच्या ०.५ टक्के द्रावणात अर्क मिसळून १० मायक्रोलिटरचा थेंब टेफ्लॉनवर वाळवलेला. इथे डीएमएसओऐवजी इथेनॉल वापरून ते पूर्ण उडू द्या, डीएमएसओ पडद्याला चुरचुरतं. ४८ तासांनी फोटो. गटाला १२ तरी अंडी, कारण काही गर्भ मध्येच मरतात. त्यांची संख्या गटवार नोंदवा, ती सुद्धा विषारीपणाची माहिती आहे.

कारण शोधायचं असेल तर व्हीईजीएफच्या दुसऱ्या ग्राहकावर (व्हीईजीएफ जिथे चिकटतं त्या पेशीवरच्या प्रथिनावर), टायरोसिन ११७५ ला, फॉस्फेट लागतं का हे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन तपासण्याच्या पद्धतीने पाहा: अर्क एक तास, मग व्हीईजीएफ ५० नॅनोग्रॅम प्रति मिली फक्त ५ ते १० मिनिटं. एका गटात व्हीईजीएफ देण्यापूर्वी अर्क धुऊन काढा. पॉलिफेनॉल मीडियममधल्या व्हीईजीएफलाच चिकटू शकतात, मग ग्राहकाशी अर्काचा संबंधच येत नाही.

आकडे, आणि तबकडीबाहेरचं शरीर

सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. एका दिवशीच्या सहा वेलची सरासरी म्हणजे एक आकडा. निराळ्या दिवशी, शक्यतो निराळ्या नाळेच्या पेशींवर, किमान तीनदा करा, आणि त्या तीन आकड्यांवर अनोव्हा व डनेट या सांख्यिकी चाचण्या लावा.

मात्रेचा अर्थ लावताना हळदीचं उदाहरण समोर ठेवा. तबकडीत कुर्क्युमिन साधारण १० मायक्रोमोलरला एंडोथेलियल पेशींची वाढ रोखताना दिसतं, म्हणजे ३.७ मायक्रोग्रॅम प्रति मिली. पण रोज ८ ग्रॅम शुद्ध कुर्क्युमिन दिलेल्या रुग्णांच्या रक्तात सरासरी उच्चांक १.७७ मायक्रोमोलर निघाला होता. शिवाय सीरम नसलेल्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये ३७ °से. ला बहुतेक कुर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होतं, तेव्हा ४८ तासांच्या प्रयोगात पेशींनी नेमकं काय पाहिलं हाही प्रश्नच. कारिवण्याच्या अर्काला १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर परिणाम मिळाला तर तो रक्तातल्या औषधाचा पुरावा म्हणून लिहू नका. जखमेवर लावायच्या मलमाची गोष्ट वेगळी, तिथे अर्क थेट त्या जागी असतो.

रोधक परिणाम खरा निघाला तर गरोदरपणाचा इशारा निष्कर्षातच लिहा, तळटीपेत नाही. थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्या रोखतं हे १९९४ मध्ये फोकमन यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं, तोवर त्या औषधाने हजारो बाळांचे हातपाय घडायचे राहिले होते. मोठी जखम किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनाही नव्या वाहिन्यांची गरज असते.

प्रत्येक बॅचचं ५ ग्रॅम चूर्ण आणि १०० मिलिग्रॅम कोरडा अर्क सीलबंद, सिलिका जेलसह, अंधारात राखून ठेवा. कारिवण्यातल्या ट्रायटर्पीनचं (एशियाटिकोसाइड आणि एशियाटिक आम्ल याच गटातले) प्रमाण हंगाम आणि जागेप्रमाणे बदलतं. पावसाळ्यातल्या मालावर काम झालं असेल तर हिवाळ्यात, दुसऱ्या गावच्या बांधावरून, दुसरी बॅच आणा आणि शून्य वेळेच्या प्लेटपासून सगळं पुन्हा लावा.